कमिटीने ठरवलंय

आमच्या मंडळीत हरकत घ्यायची सोय एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात. ख्रिस्ती लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचून दाखवतात. त्याला आम्ही पुकार म्हणतो. नावं वाचून झाली की वाचणारा विचारतो, या दोघांचं लग्न होऊ नये असं काही कारण कोणाला ठाऊक असेल तर त्याने ते आत्ता सांगावं. मग क्षणभर शांतता. कोणीतरी खोकतं, एखादं लहान मूल आईला पाणी मागतं आणि गाणं सुरू होतं. या प्रश्नाला कोणी उत्तर दिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकलं माझ्याच पुकारीत, तिसऱ्या रविवारी, होणारे सासूसासरे माझ्या पुढच्याच बाकावर बसलेले असताना.

ही नव्वदच्या दशकातली, बंगळूरची गोष्ट. आमची मराठी मंडळी म्हणजे साठ-सत्तर माणसं. मिरज-कोल्हापूरकडची, बेळगावची, नगरची. काही घरं इतकी जुनी की त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि काही पोरं इतकी नवी, पुण्याहून कंपन्यांत कामाला आलेली, की त्यांच्या मराठीत निम्मं इंग्रजी. चर्च आमचं नव्हतं, कन्नड मंडळीचं होतं. सकाळी त्यांची उपासना, मग तमिळ मंडळीची, आणि दुपारी तीनला, पोटात भात आणि डोळ्यांत झोप असताना, आमची. आमचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, ते निवृत्त होते, शहराबाहेर होसकोट्याला राहत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला तेवढे येत. बाकीचे रविवार आणि बाकीचं सगळं सेक्रेटरी बघत.

या सेक्रेटरींविषयी मी आत्ता काहीबाही लिहिणार आहे, म्हणून आधी हे सांगते. दुपारी तीनची ती वेळ त्यांनीच मिळवली होती, कन्नड मंडळीच्या दारात वर्षभर हेलपाटे घालून. फाटकाची किल्ली त्यांच्याकडे, पंखे तेच लावत, गाण्यांची पुस्तकं तेच मांडत. कोणी दवाखान्यात असलं की डबा घेऊन पहिले हजर तेच. बाबा मिरजेहून यशवंतपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले, तेव्हा बाजारामागची दोन खोल्यांची जागा त्यांनीच बघून दिली आणि या शहरातला पहिला चहा बाबा त्यांच्या घरी प्यायले. हे सगळं खरं होतं. अडचण एवढीच की जे आपण केलं ते आपलंच, असं त्यांना हळूहळू वाटायला लागलं होतं, आणि आम्हालाही त्याची सवय झाली होती. सहल कुठे जायची, नाताळच्या नाटकात मरिया कोण होणार, गाणं कोणतं म्हणायचं, काहीही विचारलं तरी उत्तर एकच. "कमिटीने ठरवलंय." त्यावर पुढे कोणी बोलत नसे.

मग एका फेब्रुवारीत कमिटीने ठरवलं की पेटी बंद.

पेटी बाबांची होती. मिरजेहून येताना त्यांनी ती रेल्वेत मांडीवर धरून आणली होती. आमच्या उपासनेतली जुनी भजनं पेटीवर आणि तबल्यावरच उभी राहत. त्या रविवारी पोचलो तर पेटीच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता आणि त्यावर सेक्रेटरींचा पुतण्या. पेटी मागच्या खोलीतल्या कपाटात गेली होती आणि कपाटाला कुलूप होतं. सूचनांच्या जाहीर वाचनात सेक्रेटरींनी बाबांचे आभार मानले, फार छान शब्दांत, आणि पुढचं गाणं सांगितलं. बाबा शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गाणी चालू असताना त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. मी पाहिलं ते आणि मला असा राग आला की शेवटचा आशीर्वाद मी ऐकलाच नाही.

माझं लग्न मे महिन्यात ठरलेलं. मी लहान असल्यापासून बाबा म्हणत, तू चर्चच्या दारातून आत येशील तेव्हा पेटी मी वाजवणार. हे ते इतक्या वेळा म्हणाले होते की ते ठरल्यासारखंच होतं, दागिन्यांसारखं. बाबांनी स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एवढंच.

आई म्हणाली, जाऊन विचारा. बाबा म्हणाले, ज्याने पाय ठेवायला जागा दिली त्याला जाब विचारू? आई म्हणाली, भीड भिकेची बहीण. बाबांनी पेपर उघडला. आमच्या घरात पेपर उघडला की चर्चा संपायची.

तेव्हा मीच गेले. सेक्रेटरींच्या घरी नाही, चर्चमध्येच, उपासनेनंतर. फार नम्रपणे विचारलं, लग्नापुरती तरी पेटी बाहेर काढता येईल का. ते पुस्तकं गोळा करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले की त्यांची स्वतःची काही हरकत नाही, पण कमिटीने ठरवलंय, ते एकटे काय करणार. मी विचारलं, कमिटीत आहेत तरी कोण? ते म्हणाले, बोर्ड आहे की.

बोर्ड होता. मागच्या खोलीत, दाराच्या मागे. ते दार कायम सताड उघडं असायचं, भिंतीला टेकलेलं, आणि बोर्ड त्या दोहोंच्या मध्ये. वर्षानुवर्षं त्या खोलीत जायचो, पण दार लावायची वेळ कोणावर आली नव्हती. मी दार लोटलं. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत चार नावं होती. पहिलं सेक्रेटरींचं. दुसरं आमच्यातल्या एका काकांचं, जे नोकरी संपवून कधीचेच कोल्हापूरला गेले होते. तिसरं मंडळीतल्या म्हाताऱ्या अक्कांच्या यजमानांचं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि चौथं माझ्या बाबांचं.

मी ते तीनदा वाचलं. मग दार पुन्हा होतं तसं उघडून ठेवलं आणि बसस्टॉपपर्यंत एकटीच हसत गेले. वाटेत लोक बघत होते.

घरी येऊन बाबांना म्हटलं, पेटी बंद करायचं तुम्हीच ठरवलंत. ते म्हणाले, काय बोलतेस? मी पाटीवरची नावं सांगितली. आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि ओट्याला धरून हसली. बाबा हसले नाहीत. बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, आलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींनी घरी बोलावलं होतं खरं. चार माणसं लागतात, तुम्ही बसा, असं म्हणाले होते. चहा आणि चकल्या होत्या. पुढे पुन्हा कधी बोलावणं आलं नाही आणि बाबांनीही विचारलं नाही. त्याला सोळा वर्षं झाली होती.

"मी राजीनामा देतो," बाबा म्हणाले.

"कशाचा? चकल्यांचा?" आई म्हणाली.

मी तेव्हा एका ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्याकडे नियम असा की यादीत नाव असलं की सर्क्युलर गेलंच पाहिजे. माणूस रजेवर असो, बदलून गेलेला असो, यादी बदलेपर्यंत कागद त्याच्या नावाने निघायचा. त्याच शिस्तीने मी बसले. मधे कार्बन घालून एकच मजकूर उतरवला. आपण मंडळीच्या कमिटीचे सभासद आहात, पेटी बंद करण्याचे आपण ठरवल्याचे कळते, हे कोणत्या सभेत ठरले ते कृपया कळवावे. चार प्रती, चार पाकिटं, चार पत्ते. एक सेक्रेटरींना. एक कोल्हापूरला. एक अक्कांच्या यजमानांना, त्यांच्या घरच्या पत्त्यावर. आणि एक बाबांना, आमच्याच पत्त्यावर. खोडसाळपणा होता, नाही म्हणत नाही. पण टपालपेटीत टाकल्यावर तिसरं पाकीट मला परत काढावंसं वाटलं. अक्का काय म्हणतील, हे मला तेव्हा सुचलं.

बाबांचं पत्र सगळ्यात आधी आलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि कामावर गेले. सेक्रेटरींकडून काही आलं नाही. कोल्हापूरच्या काकांचं कार्ड आलं. मी अजून कमिटीत आहे हे वाचून आनंद वाटला, सभा झाल्यास कळवावे, गुडघ्यामुळे येणे होणार नाही, सर्वांना सलाम. आणि एका दुपारी अक्का स्वतः आल्या, दोन बस बदलून, पत्र हातात घेऊन.

अक्का मूळच्या बेळगावच्या, पण पन्नास वर्षं बंगळुरात काढलेल्या. मी दारातच क्षमा मागायला लागले. त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. म्हणाल्या, सहा वर्षांत त्यांच्या नावाने घरी एक कागद आला नव्हता. पोस्टमनने दारात पूर्ण नाव घेऊन हाक मारली, आणि त्या पत्र घ्यायला पुढे व्हायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या. बरं वाटलं, म्हणाल्या. मग त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि त्यांचा आवाज बदलला.

"ते पेटीबिगर एक गाणं म्हणत नव्हते. आणि त्यांचंच नाव लावून पेटी बंद? हे सरी नाही बघ, बरोबर नाही."

बाबा कामावरून आले तेव्हा अक्का अजून बसलेल्या होत्या. त्या बाबांना फार काही बोलल्या नाहीत. तुम्ही तर जिवंत आहात, एवढंच म्हणाल्या. बाबा हातपाय न धुताच खुर्चीत बसले.

पुढच्या रविवारी माझी दुसरी पुकार होती. पुकारीच्या आधी जाहीर वाचन चालू असताना बाबा उठले. आयुष्यात पहिल्यांदा. मी आईचा हात धरला. सेक्रेटरींनी वर बघितलं, हसले आणि म्हणाले, बसा बसा, आता गाणं आहे. बाबा बसले. सोळा वर्षांची सवय, दुसरं काय. रात्री जेवताना मीठ मागायचंही त्यांच्या जिवावर आलं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. म्हटलं, असू दे बाबा, मी कीबोर्डवर येईन आत. ते म्हणाले, हो, आणि ताटावरून उठले.

तिसऱ्या पुकारीचा रविवार महिन्यातला पहिला होता, म्हणून पाळकसाहेब होते. बेळगावहून सासरची मंडळीही आली होती. सेक्रेटरींनी पुकार वाचली. या वेळी पाळकसाहेब होते तरी वाचली त्यांनीच, कारण तसं कमिटीने ठरवलं होतं. कारण कोणाला ठाऊक असेल तर आत्ता सांगावं, असं म्हणता म्हणता त्यांनी गाण्याचं पुस्तक उचललंसुद्धा.

"आहे," असा आवाज आला.

बायकांच्या बाजूला अक्का उभ्या होत्या. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी मागे वळून आधी अक्कांकडे आणि मग माझ्याकडे असं काही बघितलं, की ते मला आजही आठवतं.

"लग्नाला नव्हे," अक्का म्हणाल्या. "पोरगी चांगली आहे, पोरगाबी बरा दिसतोय. माझी हरकत दुसरी आहे. माझा माणूस देवाघरी जाऊन सहा वर्षं झाली. त्यानं फेब्रुवारीत पेटी बंद करायचं कसं ठरवलं, तेवढं सांगा."

सेक्रेटरी म्हणाले, अक्का, ही पुकार आहे, हे विचारायची ही जागा नव्हे.

"मग जागा कुठली ते सांगा की. मी स्वल्प थांबते. तिथं येऊन विचारते."

सेक्रेटरींनी पुस्तकाची पानं उलटली. तशी जागाच नव्हती.  आणि मग शेवटच्या बाकावरून बाबा उठले. आवाज बारीक होता, पण ऐकू येत होता. म्हणाले, कमिटीत मीही आहे, मला हे अलीकडेच कळलं. मीही काही ठरवलेलं नाही. सेक्रेटरी त्यांना बसा म्हणाले. बाबा उभेच राहिले.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, लग्नाला कोणाची हरकत नाही असं मी धरतो. बाकीच्या हरकतीसाठी आशीर्वादानंतर सगळ्यांनी बसून राहावं. सासूबाईंनी आईला हळूच विचारलं, तुमच्याकडे नेहमी असं असतं का? आई म्हणाली, नाही हो, आजच सुरुवात.

ती सभा मी विसरणार नाही. सेक्रेटरी आधी चिडले. फाटक कोण उघडतं, पंखे कोण लावतं, पावसापाण्यात कोण येतं, सगळं बोलले, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मला माझ्या चार पाकिटांची लाज वाटायला लागली. मग पाळकसाहेबांनी साधं विचारलं, पेटी का बंद केली?  सेक्रेटरी म्हणाले, नवी पोरं येताहेत कंपन्यांतली, पुण्याची. त्यांना ही जुनी भजनं कशी आवडणार? ती गेली तर मंडळी राहील कशी? पुण्याहून आलेला एक इंजिनियर तिथेच बसला होता. तो म्हणाला, सॉरी, पण आम्हाला कोणी विचारलंच नाही. घरी आजोबा पेटी वाजवायचे, म्हणून तर मी इतक्या लांब येतो.

त्या दुपारी हात वर करून नवी कमिटी निवडली, दोन वर्षांपुरती. सगळ्यात जास्त हात सेक्रेटरींसाठीच वर झाले, अक्कांचाही झाला. बाबांना घेतलं, अक्कांना घेतलं, त्या इंजिनियरला घेतलं. दर तीन महिन्यांनी सभा, सगळ्यांसमोर. आणि बोर्ड दाराच्या मागून काढून पुढच्या भिंतीवर. तो काढल्यावर भिंतीवर एक चौकोन राहिला, बाकीच्या भिंतीपेक्षा कितीतरी गोरा.

मग सेक्रेटरींनी किल्ली काढली आणि कपाट उघडलं. पेटी एका लोकरी शालीत गुंडाळलेली होती. शाल त्यांची स्वतःची होती, थंडीत ते ती पांघरून यायचे. पदरापदरांत डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, भात्याला कसर लागू नये म्हणून. त्यांनी पेटी उचलून बाबांच्या हातात दिली. बाबांनी शाल सोडवून तिची घडी घातली आणि परत दिली.

"मला तोंडावर सांगितलं असतंत," बाबा म्हणाले, "तर मी स्वतःच बंद केली असती."

"म्हणूनच नाही सांगता आलं," सेक्रेटरी म्हणाले.

मी दोघांच्या मध्ये उभी होते. बाबांना कोणाला नाही म्हणता येत नव्हतं आणि सेक्रेटरींना तोंडावर काही सांगवत नव्हतं, आणि सोळा वर्षं मध्ये त्यांनी एक कमिटी उभी केली होती, जी कधी नव्हतीच. माझा सगळा राग तिथेच उतरला. अक्का मात्र म्हणाल्या, रडायचं ते लग्नात रडा, आता चहाचं बघा.

एक गोष्ट राहिली होती. बाबा पेटीवर बसले तर मला हात धरून आत कोण आणणार? हे मात्र कोणत्याही कमिटीने ठरवलं नाही. आईने ठरवलं. मे महिन्यातल्या त्या दुपारी मी पांढऱ्या साडीत दारात उभी राहिले, आईने माझा हात स्वतःच्या काखेत घट्ट धरला, आणि पेटी सुरू झाली. दर वेळी भाता दाबला की डांबरगोळीचा वास यायचा. एक गोळी आत कुठेतरी राहिली असावी, ती भात्याबरोबर खुळखुळत होती. आई माझ्या कानात म्हणाली, हसू नकोस, फोटो येतोय. सेक्रेटरी बाबांच्या शेजारी बसून पानं उलटत होते, जरी बाबांना ते भजन झोपेतही पाठ होतं.

मग पाळकसाहेबांनी तो प्रश्न पुन्हा विचारला, जो लग्नाच्या वेळीही विचारतात. कोणाची हरकत असल्यास त्याने आत्ता बोलावं. सगळं चर्च वळून अक्कांकडे बघायला लागलं. अक्कांनी पदर तोंडाला लावून मान हलवली. तरी पाळकसाहेब थांबले. पूर्वी कधी कोणी थांबलं नव्हतं तेवढे थांबले. सेक्रेटरींचा हात पान उलटायला पुढे गेला होता, तो बाबांनी हलकेच धरला, आणि त्या थांबण्यात बाबाही पेटीवरचा हात उचलून वाट बघत बसले, कोणाला काही म्हणायचं आहे का.